कोकणच्या पुळणी की कोरोमंडलचा किनारा? कुटुंबासह आठवडाभर राहण्यासाठी सल्ला हवा आहे

सागरगोटा यांचा प्रश्न

येत्या हिवाळ्यात आठवडाभर समुद्रकाठी जाऊन राहावे, असे आमच्या घरात घाटत आहे. आजवर आमची सारी भटकंती कोकणातच झाली. मुरूड, दिवेआगर, दापोली, गणपतीपुळे, तारकर्ली ही ठिकाणे आम्हांला परिचयाची आहेत. या खेपेस मात्र धाकट्या भावाने कोरोमंडल किनारा सुचवला आहे. चेन्नईत उतरायचे, महाबलीपुरमला मुक्काम करायचा, पुढे पुद्दुचेरी पाहून जमल्यास तरंगंबाडीपर्यंत जायचे, असा त्याचा बेत आहे. माझा कल अजूनही दापोली तालुक्याकडे, म्हणजे अंजर्ले, मुरूड, कर्दे, लाडघर या पट्ट्याकडे आहे. पण तो केवळ सवयीमुळे आहे की त्याला काही आधार आहे, हे मला नीट सांगता येत नाही.

सोबत सत्तरी ओलांडलेली माझी आई, गुडघ्यांनी त्रस्त असलेले सासरे आणि दहा-बारा वर्षांची दोन मुले असतील. पॅरासेलिंग, बनाना बोट असल्या गोष्टींत आम्हांला रस नाही. मोठ्यांना सकाळ-संध्याकाळ वाळूवरून निवांत चालता यावे आणि मुलांना कमरेएवढ्या पाण्यात डुंबता यावे, एवढीच अपेक्षा आहे. छायाचित्रे पाहून काहीच ठरवता येत नाही, कारण छायाचित्रात प्रत्येक किनारा सारखाच दिसतो. ओळखीच्यांना विचारावे, तर कोणी म्हणते तिकडचा समुद्र आडदांड आहे, कोणी म्हणते तिकडच्या वाळूला तोड नाही. असे का, हे मात्र कोणीच सांगत नाही. तारखांचे दोन पर्याय आहेत: नाताळची सुट्टी किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध. दोन्ही किनारे पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भरतीरेषा यांचे उत्तर

दोन्हीकडे वाळू, पाणी आणि माड आहेत, म्हणून छायाचित्रे सारखी दिसतात. खरा फरक दोन गोष्टींत आहे: पाणी दिवसातून किती वर चढते आणि वाळू किती लांबवर अखंड पसरली आहे. आपण विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या दोहोंतून निघतात, म्हणून थोडे मुळातून लिहितो.

भरतीपासून सुरुवात करू. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. दक्षिणेकडे जावे तसे ते कमी होत मालवणच्या आसपास दोन-सव्वादोन मीटरांवर येते. चेन्नईला तेच अंतर जेमतेम मीटरभर असते. याचे कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबईसमोरचा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे आणि उत्तरेस खंभातचे आखात निमुळते होत गेले आहे. अशा उथळ आणि अरुंद जागेत शिरणारी भरतीची लाट फुगत जाते. चेन्नईसमोर हा उथळ पट्टा ५० किलोमीटरांच्या आतच संपतो आणि पुढे खोल समुद्र लागतो, त्यामुळे तिथे पाण्याला फुगायला वावच नाही.

हे आकडे पायाखालच्या वाळूत कसे उतरतात ते पाहा. समजा, एखाद्या सपाट पुळणीचा उतार ५० मीटरांस १ मीटर आहे आणि पाणी अडीच मीटर खाली गेले, तर पाण्याची कड १२५ मीटर मागे हटते. दापोलीकडची पुळण दुपारी चिंचोळी पट्टी वाटते आणि संध्याकाळी तिथेच क्रिकेटचे सामने चालू असतात, ते यामुळे. याउलट किनारा १० मीटरांस १ मीटर असा उतरता असेल आणि पाणी मीटरभरच हलत असेल, तर दिवसभरात कड फार तर १० मीटर सरकेल. कोरोमंडलच्या पुष्कळ भागांत अशीच स्थिती आहे. तिथे वाळू सकाळी जेवढी रुंद तेवढीच संध्याकाळी. परंतु पाण्यात चार-पाच पावले टाकली की एकदम खोली लागते. आपल्या मुलांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे.

दुसरी गोष्ट वाळूच्या सलगपणाची. कोकणात सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की त्याचे फाटे थेट पाण्यात उतरतात. बेसॉल्टची आणि जांभ्याची ही टोके एकामागून एक समुद्रात घुसलेली आहेत, त्यांच्या मधल्या कुशीत पुळणी साचल्या आहेत, आणि दर काही मैलांवर बाणकोट, दाभोळ, जयगड अशी एखादी खाडी वाट अडवते. त्यामुळे कोकणातील प्रत्येक पुळणीचा स्वभाव निराळा आहे. रायगडकडची वाळू बेसॉल्टच्या चुऱ्यामुळे आणि खाड्यांच्या गाळामुळे करडी आणि बारीक आहे. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवी येथे तिच्यात इल्मेनाइट या खनिजाचा काळा अंश दिसतो. आणि सिंधुदुर्गात, जिथे मूळ खडकच बदलतो, तिथे भोगवे, निवती, तारकर्लीची वाळू पांढरी होते. कोरोमंडलला डोंगर किनाऱ्यापासून दूर राहिले आहेत. पालार, पोन्नैयार, कोळ्ळिडम, कावेरी यांनी आणलेल्या गाळाचे सपाट मैदान सरळ समुद्राला भिडते आणि फिकट सोनेरी वाळूची पट्टी मैलोन् मैल एका रेषेत जाते. तिथे चालत सुटल्यास वाट अडवणारे टोक भेटत नाही. हा विस्तार पहिल्यांदा पाहणाऱ्याला भारावून टाकतो. दोन दिवसांनी मला मात्र तो थोडा एकसुरी वाटू लागतो. कोकणात एका वळणापलीकडे वेगळी वाळू आणि वेगळा समुद्र भेटतो, त्याची गोडी मला अधिक आहे.

थोडे विषयाला लागूनच: दोन्ही किनाऱ्यांवरच्या जुन्या होड्याही हाच भेद सांगतात. कोकणातील कोळ्याला होडी नांगरायला खाडी मिळाली. कोरोमंडलला नैसर्गिक बंदर नसल्यामुळे फुटणाऱ्या लाटांतूनच बाहेर पडावे लागे. म्हणून तिथे ओंडके एकत्र बांधून केलेले कट्टुमरम आले आणि काथ्याने शिवलेल्या, आपटल्या तरी न फुटणाऱ्या मसुला होड्या आल्या. मद्रासला बंदर होण्याआधी मोठी जहाजे बाहेर उभी राहत आणि माणसे या होड्यांतून किनाऱ्यावर उतरत. ज्या किनाऱ्यावर होडीच अशी बांधावी लागली, तिथे पोहणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज यावरून करता येईल.

मायलापूरकर यांचे उत्तर

मी अनेक वर्षे चेन्नईत राहतो. भरतीरेषा यांनी मांडलेली कारणे योग्य आहेत. पण त्यांचे लेखन वाचून तमिळनाडूचा किनारा केवळ बघण्यापुरता आहे असा समज होऊ नये, म्हणून लिहितो.

आधी हंगामाबद्दल, कारण आपल्याकडील मंडळी कोकणाचे वेळापत्रक घेऊन इकडे येतात आणि फसतात. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो, आणि ऑक्टोबरपासून सारे निवळते. इकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही याच सुमारास येतात. डिसेंबर २०११ च्या अखेरीस ‘ठाणे’ नावाचे वादळ पुद्दुचेरी आणि कडलूर येथे धडकले होते, तेही नाताळच्याच आठवड्यात. दर वर्षी असे होत नाही हे उघड आहे. तरीही डिसेंबरात समुद्र गढूळ आणि अस्वस्थ असण्याची शक्यता बरीच असते. पोंगलनंतर, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, हा किनारा सर्वांत चांगला असतो: आकाश स्वच्छ, हवा सुसह्य आणि लाटाही आटोक्यात. मासेमारीची बंदीदेखील दोन्हीकडे वेगळ्या काळात असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून.

दुसरा मुद्दा असा की इकडची वाळू जागेवर राहत नाही. वर्षातील बराच काळ लाटा दक्षिणेकडून तिरक्या येतात आणि वाळूला किनाऱ्यालगत उत्तरेकडे नेत राहतात. ईशान्य वाऱ्यांच्या काळात हा ओघ काही महिने उलटतो, पण वर्षाची बेरीज उत्तरेच्याच बाजूने पडते. या वाटेत बांध घातला की दक्षिणेस वाळू साचते आणि उत्तरेस जमीन खचते. मरीनाची आजची अफाट रुंदी मुख्यतः याचाच परिणाम आहे: १८७६ च्या सुमारास बंदराचे बांध समुद्रात घालायला सुरुवात झाली, दक्षिणेस वाळू अडून मरीना वाढत गेली आणि उत्तरेस रायपुरमच्या बाजूला समुद्र आत शिरला. पुद्दुचेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस असेच घडले आणि गावासमोरची पुळण नाहीशी होऊन तिच्या जागी काळ्या दगडांची रांग आली. २०१८ मध्ये तिथे पाण्याखाली एक कृत्रिम अडथळा उभारल्यानंतर गावासमोर पुन्हा थोडी वाळू धरू लागली आहे. म्हणून पुद्दुचेरीच्या प्रसिद्ध फेरफटक्याच्या रस्त्यावर आपल्या आई-सासऱ्यांना अतिशय बरे वाटेल, कारण तो पक्का, सपाट आणि संध्याकाळी वाहनांना बंद असतो. मुलांनी मात्र तिथे पाण्याची आशा धरू नये.

पाण्यात उतरण्याबद्दल स्पष्टच लिहितो. येथे किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे असतात. लाटांनी आत ढकललेले पाणी दांड्यांमधल्या फटींतून वेगाने परत जाते आणि माणसाला सोबत घेऊन जाते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गडद आणि शांत दिसला, तर नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, आणि धोका नेमका तिथेच असतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे आणि मग परतावे. मुलांना घेऊन यायचे असेल तर महाबलीपुरमच्या उत्तरेस असलेल्या कोवलमला जावे (केरळचे कोवळम वेगळे). या किनाऱ्याला २०२१ मध्ये ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तेथे स्नानाची जागा आखून दिलेली असते आणि जीवरक्षक असतात. पुद्दुचेरीच्या ईडन किनाऱ्यालाही त्याच वर्षी ते मिळाले. मरीनावर मुलांना घोट्याच्या पुढे पाण्यात जाऊ देऊ नये, असेच मी कोणालाही सांगतो.

आणि केवळ समुद्रच पाहायचा नसेल, तर या किनाऱ्याला तोड नाही. महाबलीपुरमचे आठव्या शतकातील किनारमंदिर अगदी वाळूच्या कडेला उभे आहे. तरंगंबाडीला डेन्मार्ककरांनी १६२० मध्ये बांधलेला किल्ला आहे आणि त्याच्या शेजारी चौदाव्या शतकाच्या आरंभीचे शिवमंदिर आहे, ज्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळला. मराठी माणसाने आणखी दक्षिणेस जाऊन मनोरा पाहावा: नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ तंजावरच्या सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये पाल्कच्या उपसागराकाठी बांधलेली आठ मजली, षट्कोनी वास्तू. तिथला समुद्र श्रीलंकेच्या आडोशाला असल्यामुळे इतका उथळ आणि निवांत आहे की आपण त्याच पूर्व किनाऱ्यावर आहोत यावर विश्वास बसत नाही.

आगरवाट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचून कोकणचा समुद्र म्हणजे मुलांचा हौद, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मी कोकणातच राहतो आणि दर सुट्टीत हीच गैरसमजूत पाहतो.

गणपतीपुळ्याला पुळण दिसायला सौम्य असली तरी पाण्याखालचा उतार फसवा आहे, आणि तिथे बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी लाटा खडकावर कशा येतात, हे ज्याने पाहिले आहे तो तिथे वेळ न विचारता पाऊल टाकत नाही. सपाट पुळणीचा धोका वेगळा आहे: ओहोटीला माणूस पाण्यामागे दूरवर चालत जातो आणि भरती लागली की पाणी समोरून येण्याऐवजी आधी बाजूच्या सखल पन्हळीत भरते, त्यामुळे मागे कोरडी वाळू दिसत असूनही मधली वाट बंद झालेली असते. वाळूवर गाड्या घालणाऱ्या हौशी मंडळींची गत तर सर्वांना ठाऊक आहे. दुपारी टणक असलेली वाळू भरतीचे पाणी मुरताच चाक गिळते, आणि मग गावकऱ्यांनी दोर, फळ्या, ट्रॅक्टर घेऊन धावायचे.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आमच्याकडे लहान मुलांनाही येतो. तिथीची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या तासाला भरती पूर्ण होते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेले असणार. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या जरा आधी. हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, परंतु फिरण्याची वेळ ठरवायला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाणी जास्तीत जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी फारसे हलत नाही. मुलांना घेऊन येणाऱ्याने शक्यतो भांगाचे दिवस निवडावेत आणि पाणी भरत असताना, तेही कडेकडेनेच, डुंबावे. ओहोटी लागल्यावर बाहेर यावे, कारण तेव्हा, विशेषतः खाडीच्या मुखाजवळ, पाण्याची ओढ समुद्राकडे असते. देवबागला कर्लीच्या संगमावर किंवा अंजर्ल्याला खाडीच्या तोंडाशी पाणी कितीही निवांत दिसले तरी उतरू नये.

चेन्नईला हे गणित लावू नये. तिथे भरतीच्या वेळा वेगळ्या पडतात.

सागरगोटा यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. नाताळात पूर्व किनाऱ्याला जायचे नाही, एवढे निश्चित झाले. आता प्रश्न उरला तो फेब्रुवारीचा, आणि त्यात दोन शंका आहेत. सासऱ्यांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने चालायला कोणती वाळू बरी? आणि मुलांना कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची आहेत. ती दोन्हीकडे दिसतात असे वाचले आहे, तर फेब्रुवारीत कुठे शक्यता अधिक?

भरतीरेषा यांचे उत्तर

वाळूबाबत निर्विवादपणे कोकण, आणि त्यातही मुरूड-कर्द्याची पुळण. बारीक, ओली आणि सपाट वाळू दाबून बसते. ओहोटीनंतर तासा-दोन तासांनी तिच्यावर पाऊल जेमतेम उमटते. कोरोमंडलला वाळू बहुतेक ठिकाणी भरड आहे आणि कोरड्या पट्ट्याची रुंदी मोठी आहे, त्यामुळे रस्त्यापासून पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंतच पाय घोट्यापर्यंत रुततात. निरोगी माणसालाही तिथे दम लागतो. गुडघे दुखणाऱ्याला पाण्याच्या कडेच्या ओल्या पण तिरप्या वाळूवर चालावे लागते, आणि एक पाय वर, एक खाली असे चालणे त्याला अधिकच त्रासदायक. उन्हाचाही विचार करावा. पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठपासूनच ऊन समोरून तोंडावर येते, पण संध्याकाळी सूर्य पाठीमागे जाऊन समुद्रावरून वारा सुटलेला असतो. कोकणात नेमके उलटे: सकाळी सुरूच्या बनाची सावली वाळूवर असते आणि संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत डोळे दिपतात. म्हणजे आपल्या मंडळींनी कोकणात सकाळी चालावे आणि तिकडे गेल्यास संध्याकाळी.

मायलापूरकर यांचे उत्तर

वाळूबद्दल मी वाद घालणार नाही. कासवांबद्दल मात्र दोन्ही बाजू सांगतो. दोन्हीकडे येणारे कासव ऑलिव्ह रिडलेच आहे. चेन्नईत बेझंट नगरपासून नीलांगरैपर्यंतच्या पट्ट्यात विद्यार्थी स्वयंसेवक १९८८ पासून रात्री चालत जाऊन घरटी शोधतात आणि अंडी सुरक्षित जागी हलवतात. हा उपक्रम खरोखर अनुभवण्यासारखा आहे, पण तो मध्यरात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत मैलोन् मैल वाळूत चालावे लागते. आपल्या मुलांना ते कदाचित झेपेल, मोठ्यांना नाही. त्यातच २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवे वाहून आली होती. तसे एखादे कलेवर दिसल्यास मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची तयारी ठेवावी. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते.

आगरवाट यांचे उत्तर

कासवांसाठी वेळासला यावे. दापोलीहून मंडणगड तालुक्यातील हे गाव दूर नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांच्या साथीने अंडी जपण्याचे काम उभे केले, आणि आता अंजर्ल्यासह इतर गावांतही ते चालते. अंडी कुंपण घातलेल्या जागेत पुरली जातात आणि बाहेर आलेली पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी, उजेड असताना, पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, त्यामुळे मोठ्यांनाही दोरीमागे उभे राहून पाहता येते.

मात्र एक अट ध्यानात घ्यावी. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि वाळू किती तापली आहे यावर तो काळ कमी-जास्त होतो. थंडी लांबली तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात काही दिवस एकही पिल्लू बाहेर येत नाही. मार्चचा मध्य त्या मानाने अधिक भरवशाचा. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी गावात फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत ते विचारावे, आणि शक्य असल्यास सुट्टी आठवडाभर पुढे ढकलावी. मुक्काम वेळासला एक-दोन रात्री आणि बाकी कर्द्याला ठेवल्यास चालणे, डुंबणे आणि कासवे या तिन्ही गोष्टी होतील. रायगडच्या बाजूने येणार असाल, तर बाणकोटची खाडी ओलांडण्यासाठी फेरीबोट आहे. तिची शेवटची फेरी किती वाजता असते, हे मात्र निघण्याआधी त्याच दिवशी विचारून घ्यावे.